चेहरा शेवटी: बेळगावातल्या एका खाद्य-जीवनशैली वेबसाइटच्या फेररचनेचं प्रकरण

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात घरून चालवलेल्या मराठी पाककृतींच्या जुन्या वेबसाइट्सची दुखणी बरीचशी सारखी असतात. पुढचं प्रकरण ती दुखणी एकत्र करून उभं केलेलं आहे. म्हणजे नोंदींचे आकडे नमुन्याचे आहेत. तांत्रिक मर्यादा, नियम आणि चुकांची कारणं मात्र जशीच्या तशी खरी.

साइट शहापूर भागात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंची. २०१३ साली सुरू केलेली, वर्डप्रेसवर, म्हणजे वेबसाइट चालवायच्या तयार प्रणालीवर, चालणारी. एकूण ३८० नोंदी. त्यांत अडीचशेच्या वर पाककृती: कुंदा, मांडे, शेंगा पोळी, हुलग्याचं माडगं, जोंधळ्याच्या भाकरीबरोबरची कोरडी कालवणं. उरलेल्यांत सणवार, साड्यांची निगा, घराची आवराआवर, चोर्ला घाटातून गोव्याची वाट, आंबोलीचा पाऊस. १४ वर्ग आणि ६०० टॅग, त्यातले निम्मे एकेकदाच वापरलेले. वाचक बेळगाव, कोल्हापूर, पुणे, गोव्यातले आणि बहुतेक सगळे मोबाइलवर वाचणारे.

बाईंची मागणी एका ओळीची होती: साइट जुनाट दिसते, नवी थीम बसवून द्या.

नवी थीम, म्हणजे साइटचं तयार रंगरूप, विकत घेऊन बसवणं एका दुपारचं काम आहे. नेमकं तेच आधी केलं, की पुढचे सहा महिने निस्तरण्यात जातात. वर्गांची नावं बदलतात, पानांचे वेब-पत्ते (यूआरएल) हलतात, गूगलवरून येणारी वर्दळ आटते, आणि फोटो सुंदर दिसत असले तरी वाचक व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतच राहतो, "बाई, दूध किती घ्यायचं?" म्हणून इथे क्रम उलटा धरला: आधी मोजदाद, मग पत्ते, मग अक्षरं, मग पाककृतीचा साचा आणि सगळ्यात शेवटी रंगरूप.

मोजदाद

सगळ्या ३८० नोंदी एका तक्त्यात घेतल्या. रकाने सात: पत्ता, शीर्षक, तारीख, गेल्या १६ महिन्यांतले क्लिक, बाहेरून आलेले दुवे, मजकुराची अवस्था, निर्णय. सोळा महिने यासाठी, की गूगल सर्च कन्सोल, म्हणजे शोधातून कोण कुठल्या पानावर आलं ते सांगणारं गूगलचं साधन, तेवढाच काळ मागचं दाखवतं, आणि तेवढ्यात प्रत्येक सण एकदा तरी येऊन जातो. तीनच महिन्यांचे आकडे घेऊन मार्चमध्ये बसलं, तर अनारसे निकामी ठरतील.

निर्णयाच्या रकान्यात चारच शब्द चालतात: ठेवा, सुधारा, जोडा, काढा. "बघू" हा पाचवा शब्द येऊ दिला की तक्ता तिथेच झोपतो.

जोडण्याचं उदाहरण शेंगा पोळीचं. ही पोळी तीन वेगवेगळ्या संक्रांतींना तीनदा लिहिलेली. एकीत गुळाचं प्रमाण बरोबर, दुसरीत फोटो चांगले, तिसरीत पोळी फुटते कशाने त्याचं उत्तर. जिला सगळ्यात जास्त क्लिक, तिच्या पत्त्यावर तिन्हींतलं कामाचं आणलं आणि बाकी दोन पत्ते कायमच्या वळणाने, म्हणजे ३०१ ने, तिकडे वळवले. मुदत संपलेल्या जाहिराती, जुन्या स्पर्धांची निमंत्रणं असल्या नोंदी काढून टाकल्या, त्यांना ४१० हे उत्तर, म्हणजे "ही वस्तू आता नाही." काढलेली सगळी पानं मुखपृष्ठाकडे वळवायची सवय फार जणांना आहे. तसं केलं तर गूगल ती पानं हरवलेलीच धरतं, आणि वाचकाला मागितलं एक आणि मिळालं भलतंच.

पत्ते

मराठी साइटचा खरा घोळ इथे असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

वर्डप्रेस शीर्षकावरून पत्ता आपोआप बनवतं. देवनागरीतलं एक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्का-चिन्ह आणि दोन अक्षरं असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा. मात्रा, अनुस्वार, हलन्त हेही प्रत्येकी एक चिन्ह. पत्त्याच्या या भागाला वर्डप्रेसमध्ये २०० जागांची मर्यादा आहे, त्यामुळे जेमतेम बावीस चिन्हं मावतात.

हे एका नोंदीवर मोजून पाहू. शीर्षक: "बेळगावी कुंदा घरच्या घरी कसा करावा". पहिल्या शब्दात सात चिन्हं, "कुंदा"त पाच, "घरच्या"त सहा, "घरी"त तीन. एकवीस झाली, नऊने गुणली की १८९ आणि मधल्या तीन रेघा धरून १९२. पुढची रेघ बसते, पण "कसा"तला "क" बसत नाही. पत्ता "बेळगावी-कुंदा-घरच्या-घरी" एवढ्यावर तुटला. दोन वर्षांनी बाईंनी "बेळगावी कुंदा घरच्या घरी: खवा न वापरता" लिहिलं. तोही बरोबर तिथेच तुटला, आधीच्यासारखाच झाला, म्हणून वर्डप्रेसने त्याच्या मागे २ चिकटवला. दोन पाककृती, जवळजवळ एकच पत्ता, आणि शोधात दोन्ही एकमेकींच्या पायात.

यावर सगळेच पत्ते रोमन करून टाकावेत असा सल्ला हमखास मिळतो. तो इथे मानला नाही. देवनागरी पत्ता गूगलला नीट वाचता येतो. जो चालतोय आणि ज्यावर वाचक येतायत, त्याला हात लावण्यात तोटाच आहे. नियम असा ठरला: वर्दळ असलेला जुना पत्ता तसाच, मागे आकडा चिकटलेल्या किंवा मधेच तुटून निरर्थक झालेल्या पत्त्यांना नवा, छोटा रोमन पत्ता आणि जुन्यावरून ३०१, नव्या नोंदींचे पत्ते लिहितानाच हाताने, दोन-तीन शब्दांत. पत्त्यात साल घालायचं नाही. "संक्रांत-२०२०" असा पत्ता असलेली तिळगुळाची नोंद पुढच्या जानेवारीत शिळी वाटते, आत लाडू ताजा असला तरी.

वळणं टाकताना दोन ठिकाणी ठेच लागते. पहिली, साखळी: जुना पत्ता मधल्याकडे, मधला नव्याकडे. प्रत्येक जुना पत्ता थेट शेवटच्या मुक्कामाला न्यायचा. दुसरी, टक्का-चिन्हांमागची अक्षरं वर्डप्रेस लहान लिपीत साठवतं, ब्राउझर मोठ्या लिपीत पाठवतो. काही वळण-प्लगिन (वर्डप्रेसला वरून जोडायची छोटी साधनं) दोन्ही एकच मानतात, काही मानत नाहीत. म्हणून वळणाची चाचणी तक्त्यातून नकलून करायची नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पूर्वी पाठवलेला खरा दुवा मोबाइलवर दाबून करायची. वळणं किमान वर्षभर ठेवावीत असं गूगल सांगतं. काढायचीच कशाला? जागा खात नाहीत.

डोमेनच्या नावात शहराचं जुनं इंग्रजी स्पेलिंग होतं. शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, तेव्हा डोमेन बदलावं का, हा प्रश्न आलाच. बदललं नाही. बारा वर्षांचे दुवे त्या नावावर आहेत, आणि मराठी वाचक बोलताना, शोधताना बेळगावच म्हणतो. "आमच्याविषयी"च्या पानावर आणि नकाशाच्या माहितीत दोन्ही रूपं आली की पुरे.

अक्षरं

सुरुवातीच्या दोन वर्षांतला मजकूर डीटीपीच्या जुन्या फॉन्टात टाइप केलेला आणि नंतर कुठल्याशा परिवर्तकातून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-पद्धतीत, आणलेला. त्या फॉन्टांत रफार अक्षराच्या मागाहून टाइप व्हायचा आणि ऱ्हस्व वेलांटी आधी. परिवर्तक कच्चा असेल तर "अर्धा"चा "अधार्" होतो आणि "मिरची"ची वेलांटी शब्दाच्या आधीच लोंबते. कथेत वाचक अंदाजाने पुढे जाईल; पाककृतीत "अधार् वाटी" म्हणजे काय, हे नवशिक्याला कळणार नाही. शोधायची युक्ती सोपी आहे. "र्" आणि लगेच मोकळी जागा असा शोध लावायचा. मराठीत पाय मोडलेल्या र ने संपणारा शब्द जवळजवळ नाहीच, त्यामुळे जे सापडेल ते बिघडलेलंच. तसंच मोकळी जागा आणि तिला चिकटून वेलांटी. या दोन शोधांत बहुतेक जखमा उघड्या पडतात. दुरुस्ती हातानेच, प्रमाणांची ओळ दोनदा वाचून.

दुसरा घोळ पुऱ्यांचा. "पुऱ्या", "भाकऱ्या", "कचोऱ्या" यांतला अर्धा र संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिता येतो: नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि पाठोपाठ एक न दिसणारं जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखे. साइटवरच्या शोधाला मात्र ते वेगळे शब्द. बाईंनी आधी संगणकावर आणि मग मोबाइलवर टाइप केल्यामुळे अर्ध्या नोंदी एका रूपात, अर्ध्या दुसऱ्यात. इथे सगळीकडे नुक्त्याचं रूप केलं. हे करताना "न दिसणारी चिन्हं काढा" असं बटण असलेलं सफाईचं प्लगिन वापरू नये. ते जोडचिन्ह खाऊन टाकतं आणि पुऱ्यांच्या "पुर्या" होतात. "ॲ"चीही हीच गत: एकसंध अक्षर एक, आणि अ वर चंद्र ठेवलेलं दुसरं.

शोधाच्या खोक्यामागे समानार्थी शब्दांची छोटी यादी बसवली. जोंधळा आणि ज्वारी, हुलगे आणि कुळीथ, ढब्बू मिरची आणि भोपळी मिरची, कारळे आणि खुरासणी. पुण्याचा वाचक एक टाइप करतो, चिक्कोडीचा दुसरं.

मांडणीत तीन गोष्टी पाहिल्या. साइटची भाषा मराठी अशी नोंदवली, कारण ती इंग्रजी किंवा हिंदी राहिली तर काही फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात. ओळींमधलं अंतर अक्षराच्या १.७ पट ठेवलं. परदेशी थीममधलं १.४ रोमनला पुरतं, आपल्या वेलांट्या-उकारांना नाही. आणि अक्षरांमधलं अंतर शून्य. शीर्षकात अक्षरं ऐसपैस पसरवायची फॅशन देवनागरीत केली की शिरोरेघ तुटते.

पाककृतीचा साचा

जुन्या नोंदीत कुंदा असा होता: "दूध आटवत ठेवावं. साखर घालावी. छान रंग आला की उतरवावं. वेलदोडा घालावा." ज्याला कुंदा येतो त्याला हे पुरतं, पण तो वाचायला येतच नाही.

नव्या साच्यात पाककृतीचे भाग वेगळे साठवले: साहित्य, प्रमाण, कृती, वेळ, किती होतो, काय बिघडतं. कुंद्याचं पान आता असं आहे.

साहित्य: साय न काढलेलं म्हशीचं दूध १ लिटर, आंबटसर दही २ मोठे चमचे, साखर १५० ग्रॅम (त्यातली ५० वेगळी काढून), वेलदोड्याची पूड अर्धा छोटा चमचा. होतो साधारण ३५० ग्रॅम. वेळ दीड तास, त्यात तयारीची पाचच मिनिटं.

कृती: जाड बुडाच्या पसरट कढईत दूध मध्यम आचेवर निम्मं आटवावं, अर्धा तास लागतो. दही घालून मिनिटभर ढवळू नये, दूध बारीक फाटतं आणि त्यातूनच कुंद्याचा दाणा येतो. मग १०० ग्रॅम साखर घालून पाणी आटेपर्यंत ढवळत राहावं. शेजारी छोट्या भांड्यात उरलेली ५० ग्रॅम साखर कोरडीच वितळवावी, चहाच्या रंगाला आली की लगेच कढईत थोडी थोडी ओतावी. फसफसून वर येते, हात लांब ठेवावा. मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं, कडांना तूप दिसेपर्यंत. शेवटी वेलदोडा.

काय बिघडतं: वितळलेली साखर काळपट झाली तर कुंदा कडू होतो आणि त्यावर इलाज नाही, ती ५० ग्रॅम टाकून नव्याने करावी. दही जास्त पडलं तर पनीरसारखे चिवट गोळे होतात. पातळ भांड्यात तळ करपतो आणि तो वास सगळ्यात उतरतो. गार झाल्यावर दगड झाला, म्हणजे जास्त आटला. दोन चमचे दूध घालून मंद गरम करावा.

फोटो चारच: निम्मं आटलेलं दूध, फाटून आलेला दाणा, साखरेचा चहाचा रंग, तयार कुंदा. रंग शब्दांत सांगणं अवघड, तिथेच फोटो कामाचा. मिक्सरचं झाकण उघडतानाचा फोटो कुणाला हवाय?

प्रमाणाची लढाई वेगळी. बाईंच्या नोंदींत वाटी, फुलपात्र, चिपटं, मापटं सगळं होतं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली हे कोष्टक बहुतेक ठिकाणी एकच असलं तरी शेर गावोगाव लहान-मोठा. म्हणून बाईंच्या स्वतःच्या वाटीत पाणी भरून ती मोजली. १५० मिलीची निघाली. तिच्यात साखर साधारण १२५ ते १३० ग्रॅम बसते, जोंधळ्याचं पीठ ८० च्या आसपास. प्रत्येक पाककृतीत वाटी ठेवली आणि शेजारी ग्रॅम दिले. चिपटं-मापटं प्रास्ताविकात शोभतं, साहित्याच्या यादीत नाही. मिठापुरतं "चवीनुसार" चालतं. सोड्यापुढे ते लिहिलं की घात.

"दुप्पट करा" हे बटण हवं होतं आणि तिथे देवनागरी अंक आडवे आले. ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट "२" हा अंक म्हणून वाचत नाही; दुप्पट केल्यावर प्रमाणाच्या जागी "ही संख्या नाही" अशा अर्थाचं इंग्रजी उमटतं. शिवाय पाव, पाऊण, दीड, अडीच हे आपले अंक शब्दांत असतात. उपाय म्हणून प्रमाण दोनदा साठवलं: आत हिशेबासाठी इंग्रजी अंकांत 1.5, बाहेर वाचकासाठी "दीड". साहित्यापुढचा आकडा गुणला जातो, वेळ गुणली जात नाही. दोन लिटर दूध त्याच कढईत दुप्पट वेळातही नीट आटत नाही, तेव्हा बटण दाबल्यावर "पसरट मोठी कढई घ्या, वेळ डोळ्याने ठरवा" अशी ओळ येते.

गूगलसाठीची पाककृतीची संरचित माहिती, म्हणजे यंत्राला वाचता येईल अशी नोंद, याच साच्यातून आपोआप तयार होते. नाव आणि फोटो सक्तीचे. वेळ, साहित्य, कृती, किती जणांना हे दिलेलं बरं. वेळ ठरावीक आंतरराष्ट्रीय पद्धतीत, रोमन अक्षरं आणि इंग्रजी अंकांत लिहावी लागते. तिथे "दीड तास" लिहिलं तर ती बाद. फोटो चौकोनी, ४:३ आणि १६:९ अशा तिन्ही आकारांत दिले. जे यंत्राला सांगितलं ते पानावर वाचकालाही दिसलं पाहिजे, हा नियम मोडू नये.

वर आठवणींचा मजकूर आहे तो ठेवला. बाईंचं लिखाण गोड आहे आणि कित्येक जण त्याच्यासाठीच येतात. पण शीर्षकाखाली "थेट कृतीकडे" हा दुवा आला, आणि कृतीपाशी "स्क्रीन जागी ठेवा". पिठाच्या हाताने मोबाइल पुन्हापुन्हा उघडण्याचा वैताग ज्याने सोसलाय त्याला याचं मोल कळेल. हे बटण साइट सुरक्षित जोडणीवर, म्हणजे https ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर चालत असेल तरच काम करतं.

कन्नड पानं

सीमाभागात घरात मराठी आणि शाळा कन्नड असलेले वाचक आहेत. बोललेलं सगळं कळतं, पण लांब मजकूर कन्नड लिपीतच सराईतपणे वाचला जातो. शेजारच्या कन्नड घरांनाही मांडे हवे असतात. जुन्या साइटवर यासाठी आपोआप भाषांतराचं बटण होतं. त्याने "परतणे"चं भाषांतर माघारी जाणे असं केलं, तर तेल तापलेलंच राहतं. बटण काढलं. सगळ्यात वाचल्या जाणाऱ्या २५ पाककृती दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाकडून कन्नडमध्ये लिहून घेतल्या, स्वतंत्र पत्त्यांवर. मराठी पानात कन्नडची खूण आणि कन्नड पानात मराठीची, अशी भाषेची खूण दोन्हीकडून लागते; एकीकडूनच असेल तर गूगल ती धरत नाही. कन्नड फॉन्ट फक्त त्या पानांवर उतरतो, नाहीतर प्रत्येक मराठी वाचकाला फुकटचा भार.

फोटो, फॉन्ट, वेग

जांबोटी-कणकुंबीकडच्या डोंगरात बसून पान उघडायचं झालं तर नेटवर्क बेताचंच, म्हणून माप तिकडचं धरलं. गूगलचे उंबरठे तीन: पानावरचा सगळ्यात मोठा घटक २.५ सेकंदांत दिसावा, बोट टेकवल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत यावा, पान हलण्याचं माप ०.१ च्या आत राहावं, आणि हे शंभरातल्या ७५ भेटींना जमावं. प्रतिसादाचं हे माप मार्च २०२४ पासून लागू आहे. त्याआधीच्या सल्ल्यांत वेगळंच माप सापडेल.

मोबाइलवरून थेट चढवलेले ४-५ एमबीचे फोटो १२०० पिक्सेल रुंदीचे, वेबपी प्रकारात, शक्यतो दीडशे केबीच्या आत आणले. फोटो दिसेल तेव्हाच उतरवायची सोय सगळ्यांना लावली, पहिला सोडून. पहिल्यालाही ती लागली की मोठा घटक उशिरा दिसतो. तयार थीममध्ये ही चूक नेहमी असते. प्रत्येक फोटोची रुंदी-उंची नोंदवली आणि जाहिरातींची जागा आधीच राखून ठेवली, म्हणजे वाचता वाचता ओळ खाली उडी मारत नाही.

फॉन्ट एकच, मुक्ता, दोन वजनांत. फॉन्ट हलका करायला त्यातली "न लागणारी" चिन्हं कापतात. कापताना जोडाक्षरांचे नियमही गेले तर "च्या"चं "च्‌या" होतं. कापल्यावर "पुऱ्या, श्रीखंड, आम्रखंड, द्राक्षं, चक्का" ही ओळ डोळ्यांनी तपासायची.

फोटोग्राफीबद्दल एवढंच: कुंदा, कट, माडगं सगळं तपकिरी. पितळी ताटात वरच्या दिव्याखाली ते चिखलासारखं दिसतं. खिडकीचा बाजूने येणारा उजेड आणि पांढरी किंवा फिकट वाटी, बस्स.

जीवनशैलीचं काय

साड्या, सण, सहली काढाव्यात असा आग्रह होता. काढल्या नाहीत, वेगळ्या दालनात नेल्या. चौदा वर्गांचे सहा झाले, सहाशे टॅगांचे चाळीस. मुखपृष्ठ सणांप्रमाणे फिरतं: नागपंचमीचे लाडू महिनाभर आधी वर येतात, दिवाळीचा फराळ नवरात्र संपायच्या आत.

मात्र आरोग्याच्या नोंदींवर कात्री चालवली. "हुलग्याने मुतखडा जातो", "कारल्याने मधुमेह बरा होतो" असली वाक्यं गेली. पदार्थ राहिला, दावा नाही. मधुमेहासारखे आजार बरे करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार कायद्याने मनाई आहे, आणि जाहिरात व मजकूर यांतली रेघ अशा साइटवर पुसट असते. कुकर किंवा मसाला फुकट मिळाला म्हणून लिहिलेल्या नोंदींवर पहिल्याच ओळीत "जाहिरात" असा शब्द आला. तळाशी बारीक अक्षरांत लिहिणं म्हणजे न लिहिणं.

बदलाचा दिवस आणि नंतर

फेररचनेचं काम आठ-दहा आठवड्यांचं. बदल करायला संक्रांत आटोपल्यावर आणि वाळवणं सुरू व्हायच्या आत, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा धरला. दिवाळीच्या तोंडावर कुणी साइट हलवू नये.

आधी फायली आणि डेटाबेस दोन्हींची प्रत, आणि ती प्रत दुसरीकडे उघडून पाहिली. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे. डेटाबेस हलवताना अक्षरसंच चुकला तर देवनागरीच्या जागी टोपी-टिंबं घातलेली रोमन अक्षरं येतात. म्हणून वीस नोंदी आधी नेऊन पाहिल्या. तयारीची साइट पासवर्डमागे ठेवली होती आणि "शोधयंत्रांना मनाई" ही खूण चालू होती. बदलानंतर ती खूण काढायची राहणं, ही या धंद्यातली सगळ्यात महाग विसर.

तरी अडलंच. ३०० च्या आसपास फोटो दिसेनात. त्यांच्या फायलींची नावं देवनागरीत होती आणि झिप उघडताना नव्या सर्व्हरवर ती बिघडली. नावं रोमन करायचं ठरलं, मग मजकुरातले उल्लेखही बदलायला हवे. इथे डेटाबेसमध्ये सरळ शोधा-आणि-बदला चालवलं तर वर्डप्रेसच्या सेटिंग मोडतात, कारण काही ठिकाणी मजकुराबरोबर त्याची बाइटमधली लांबीही साठवलेली असते, आणि देवनागरी नाव रोमन झालं की ती लांबी जुळत नाही. वर्डप्रेसच्या आज्ञा-ओळीवरचं बदलाचं साधन लांबी स्वतः दुरुस्त करतं. तेच वापरलं, आधी नुसती चाचणी म्हणून चालवून.

पहिले दोन आठवडे रोज सापडत नसलेल्या पानांची यादी पाहिली. तिच्यात येणारे पत्ते बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवर अर्धवट नकललेले असतात. जे पुन्हा पुन्हा येतात त्यांनाच वळण द्यायचं. काही आठवडे शोधातली जागा वर-खाली होते. त्या काळात घाबरून पुन्हा शीर्षकं बदलत बसलं, तर कशामुळे काय झालं ते कधीच कळत नाही.

घरच्या कांदा-लसूण मसाल्याच्या विक्रीचं पान अजून बंद आहे. अन्नसुरक्षेची नोंदणी, तिचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर आणि पानावर, निव्वळ वजन, किंमत, बनवल्याची तारीख, घटक, आणि बनवणाऱ्याचं नाव-पत्ता एवढं तरी लेबलवर लागतंच. पत्ता म्हणजे बाईंच्या राहत्या घराचा. तो छापायचा की मसाल्यासाठी वेगळी जागा घ्यायची, हे घरात ठरल्यावर पान उघडेल. तोवर त्या जागी मसाल्याची कृती दिली आहे, एक किलो संकेश्वरी-ब्याडगी मिरचीच्या मापाने.